पंढरीचं खोकं

"हे खोकं मला रिकामं पाहिजे," सुगंधा म्हणाली.

"रिकामंच आहे ते," पंढरी म्हणाला. "रिकामं आहे म्हणून तर वाजतं."

सुगंधाने सुपातले तांदूळ पाखडता पाखडता कोपऱ्यातल्या खोक्याकडे पाहिलं. चहाचं खोकं होतं ते. पातळ फळ्या, कडांना पत्र्याच्या पट्ट्या, आतून चांदीचा कागद. त्या वर्षी तारापूरला वीजकेंद्राचं बांधकाम ऐन भरात होतं आणि तिथल्या कँटीनमध्ये अशी खोकी आठवड्याला दोन तरी रिकामी होत. पावसाळ्याचे तांदूळ ठेवायला याहून चांगली वस्तू नाही, यावर सरावलीच्या अख्ख्या चाळीचं एकमत होतं. एका खोक्यापायी दोन शेजारणींचा अबोला झाला होता. सुगंधाच्या घरी मात्र खोकं आपणहून चालत आलं आणि नवऱ्याने काय करावं? ते पालथं घातलं, बुडाला भोक पाडलं आणि त्यातून दोरी ओवली.

पंढरी बांधकामाच्या स्टोअरमध्ये कारकून होता. मूळचा घाटावरचा, कोरेगावकडचा, सरळमार्गी आणि वयाच्या तेहतिसाव्या वर्षापर्यंत कुठल्याही नादाला न लागलेला. वर्षापूर्वीच्या नाताळात तो एका परदेशी इंजिनियरच्या बंगल्यावर सामान पोचवायला गेला, आणि तिथे एक उंच साहेब पालथ्या खोक्यावर पाय देऊन उभा असलेला त्याला दिसला. खोक्याच्या कडेला झाडूचा दांडा उभा, दांड्याच्या टोकापासून खोक्याच्या भोकापर्यंत ताणलेली दोरी. साहेबाने दोरी छेडली की 'धुम्' व्हायचं. दांडा मागे ओढला की वरचं धुम्, सैल सोडला की खालचं धुम्. त्याला बेस म्हणतात, असं साहेबाने सांगितलं. पंढरी सामान ठेवायचं विसरला. परत येताना त्याने कँटीनमधून खोकं आणलं आणि सुगंधाला वाटलं, नवऱ्याला आपली काळजी आहे.

मग 'सरावली म्युझिक पार्टी' उभी राहिली. अ‍ॅकॉर्डियनवर मारुती फिटर, ढोलकीवर बोईसरचा नवशा, गायला खंडेराव वॉचमन आणि बेसवर पंढरी. आसपासची लग्नं, बारशी, सत्यनारायण यांची बोलावणी येऊ लागली. पंढरी रोज संध्याकाळी, सुगंधा भाकऱ्या थापायला बसली की, सराव करायचा. धुम् धुम्, धुम् धुम्. ती म्हणायची, "कान किटले माझे." तो म्हणायचा, "बेस आहे तो. त्याच्यावरच सगळं उभं असतं."

पण सगळं उभं असतं हे दुसऱ्या कुणालाच माहीत नव्हतं, हेच त्याचं दुःख होतं. कार्यक्रम झाला की खंडेरावाला हार, मारुतीला टाळ्या, नवशाभोवती बायकामुलांचा घोळका. पालघरच्या एका लग्नात तर वरबापाने पंढरीला मोठ्या आपुलकीने विचारलं होतं, "तुम्ही यांचं सामान सांभाळायला येता वाटतं?" त्या रात्री पंढरी जेवला नव्हता. सुगंधाला हे ठाऊक होतं आणि आज तिने नेमकं तिथेच बोट ठेवलं.

"कुणाला ऐकू तरी येतं का हो ते?"

"सगळ्यांना येतं. कळत नाही एवढंच. थांबलं की कळतं."

"मग थांबवून बघा," सुगंधा म्हणाली. "रविवारी नवापूरला बोंबीलवाल्या काशीबाईची नवी होडी पाण्यात सोडणार, तिथं तुमचं वाजवणं आहेच. मीही येते. मधलं एक गाणं नुसते उभे राहा, हात हलवा, पण वाजवू नका. आधी कुणाला सांगायचं नाही. एका जरी माणसानं विचारलं, बेस का थांबला, तर खोकं तुमचं. पुन्हा मी नाव काढणार नाही."

"आणि नाही विचारलं तर?"

"तर तांदळाचं. आणि पार्टीही बंद."

पंढरी रागात होता, आणि रागात माणूस हिशेब करत नाही. "कबूल," तो म्हणून गेला. मग झोपेपर्यंत तो त्या खोक्याकडे पाहत बसला होता.

खोकं नवापूरला न्यायचं कसं हा दरवेळचा प्रश्न होता. एस.टी.चा कंडक्टर ते गाडीत घेऊ देत नसे, कारण मागच्या खेपेला दांडा एका म्हाताऱ्याच्या पागोट्यात अडकून पागोटं टपावर गेलं होतं. शुक्रवारी काशीबाई सुके बोंबील घेऊन चाळीत आली तेव्हा तिनेच तोड काढली.

"दे माज्या बैलगाडीवर," ती म्हणाली. "तुजं वाजाप माज्या ओटीवर ठेवते. रईवारी ये नि वाजव. काय काळजी करू नको, दादा."

पंढरीने दोरी सोडवून घेतली, दांडा स्वतःजवळ ठेवला आणि खोकं गाडीवर चढवलं. खोक्याच्या बाजूला त्याने निळ्या रंगात 'सरावली म्युझिक पार्टी' असं लिहिलं होतं. त्यामुळे ते हरवण्याचा प्रश्नच नव्हता.

रविवारी सकाळी पार्टी नवापूरला पोचली. भरती बाराच्या सुमाराला पूर्ण होणार होती, होडी तेव्हाच ढकलायची होती. किनाऱ्यावर नवी होडी झेंडूच्या माळा घालून ओंडक्यांवर तयार उभी होती. सुगंधा जाऊन बायकांत बसली. पंढरी दांडा आणि दोरी घेऊन काशीबाईच्या ओटीवर गेला. तिथे चहाची सहा खोकी ओळीने मांडलेली होती. सहाही तोंडापर्यंत भरलेली, वर गोणपाट शिवलेलं. निळी अक्षरं एकावरही नव्हती.

काशीबाईची सून हंसा अंगण झाडत होती.

"वहिनी, माझं खोकं कुठं आहे?"

"कंचं खोकं?"

"चहाचं. बाजूला निळ्या रंगात लिहिलेलं."

"ते होय," हंसा म्हणाली. "ते काल भरलं."

"काय भरलं?"

"बोंबील." खोक्यात आणखी काय भरतात, असा तिचा चेहरा झाला. "बुडाला भोक व्हतं त्याच्या. मी चिंधी कोंबून बुजवलं. एक बोंबील सांडायचा नाय."

पंढरीने ओटीचा खांब धरला. "आता कुठं आहे ते?"

"सकालच्या गाडीनं बोईसरवरनं मुंबयला गेलं."

आवाज ऐकून काशीबाई बाहेर आली आणि सगळा प्रकार कळताच तिने कपाळावर हात मारला. "अगो, ते याचं वाजाप व्हतं."

"वाजाप?" हंसा चकित झाली. "आत तर काय नव्हतं."

तिचंही काही चुकलं नव्हतं. ऐन माघात, बोंबील वाळून ओटीवर ढीग लागलेला असताना त्या घरात रिकामं खोकं ठेवायचं आणि ते रिकामंच राहील अशी अपेक्षा करायची, ही कोरेगावच्या माणसाचीच चूक होती. किनाऱ्यावरच्या कुठल्याही बाईने तेच केलं असतं.

काशीबाईने भरपाई म्हणून जवळ्याचं एक भरलेलं खोकं पुढे केलं. पंढरीने त्यावर थाप मारली. 'भद्' असा आवाज आला. ओतून रिकामं करावं तर अंगणात पाहुण्यांची पंगत बसायची होती, जवळा पसरणार कुठे? गावात आणखी कुणाकडे रिकामं खोकं मिळेना. मिळणार कसं, बोंबील सगळ्यांच्याच घरी होते.

तेवढ्यात मारुतीने किनाऱ्यावरून हाक मारली. पंढरीने विचार केला. पैज एका गाण्याची होती. आता सगळीच गाणी बिनबेसाची होणार. म्हणजे पैज आपल्याच बाजूने झुकली. एक गाणं कुणाच्या लक्षात आलं नसतं कदाचित, पण सगळीच्या सगळी? निदान मारुतीच्या तरी पहिल्या मिनिटालाच लक्षात येईल. सांगायचं तर नव्हतंच कुणाला. त्याने जवळ्याचं खोकं उचलून नेलं, गोणपाटाच्या टाक्यात दोरी अडकवली, दांडा उभा केला आणि मोठ्या आशेने पहिल्या गाण्याला हात घातला.

भद् भद्, भद् भद्. तेही त्याला एकट्यालाच ऐकू येत होतं.

पहिलं गाणं संपलं. टाळ्या पडल्या. पंढरीने सगळ्यांकडे पाहिलं. कुणी काही बोललं नाही. बायकांत बसलेल्या सुगंधाने हाताचं एक बोट दुमडलं. दुसरं गाणं झालं. खंडेरावाला कुणीतरी शहाळं दिलं. सुगंधाने दुसरं बोट दुमडलं. तिसऱ्या गाण्याला कोळणी फेर धरून नाचल्या आणि नवशाच्या ढोलकीला शिट्ट्या मिळाल्या. तिसरं बोट. पंढरी आता जीव तोडून दोरी ओढत होता, चेहऱ्यावर नाना भाव आणत होता, मुद्दाम तालाला चुकत होता. लोक त्याच्याकडे पाहून कौतुकाने हसत होते.

चौथं गाणं संपल्यावर मारुती त्याच्या कानाशी वाकला. आता विचारणार हा.

"पंढरी," मारुती म्हणाला, "आज काय हात लागलाय रे तुझा. असाच धरून ठेव."

एवढं वाईट पंढरीला पालघरच्या त्या लग्नातही वाटलं नव्हतं. त्याच्या डोळ्यांत खरोखरच पाणी आलं. एक वर्ष तो वाजवत होता, आणि त्याच्या शेजारी उभ्या असलेल्या माणसालासुद्धा तो वाजवतो की नाही हे माहीत नव्हतं. सुगंधाने चौथं बोट दुमडलं आणि नजर दुसरीकडे वळवली.

इतक्यात भरती आली म्हणून आरोळी उठली आणि सगळा गाव होडीकडे धावला.

नवी होडी ढकलण्याची तिथे एक चाल होती. होडी हाकण्यात मुरलेला, गावातला सगळ्यात म्हातारा तांडेल होडीच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, हात ठेवून उभा राहतो. वाजाप चालू असतं. वाजापाच्या ठेक्यावर तो नाळेवर थाप मारतो, आणि त्या थापेला सगळ्यांनी एकदम जोर लावायचा. थाप पडल्याशिवाय होडीला कुणी रेटा द्यायचा नाही. झिपरू तांडेल ऐंशीच्या पुढचा होता. तीन पावसाळ्यांपासून त्याला ठार ऐकू येत नव्हतं, पण मान त्याचाच होता.

झिपरूने नाळेवर तळवा ठेवला. चाळीस माणसं होडीला खांदे लावून उभी राहिली. मारुतीने अ‍ॅकॉर्डियन फुलवला, नवशाने ढोलकी घुमवली, खंडेरावाने वरची पट्टी लावली. झिपरू शांत उभा होता. थाप काही पडेना.

एक कडवं झालं, दोन झाली. माणसांचे खांदे भरून आले. काशीबाईचा नवरा दामू झिपरूजवळ गेला आणि कानात ओरडला, "बाबा, थाप मार ना."

"मारतो," झिपरू म्हणाला. "वाजाप येऊ दे की."

"वाजाप वाजतंय बाबा. कवापासून वाजतंय."

झिपरूने पार्टीकडे नीट निरखून पाहिलं. "खोटं नको बोलू, दामू. कान गेले माजे, पाय नाय गेले. गेल्या साली हेच आले व्हते तवा वाळूतनं पायात धुम् धुम् येत व्हतं. त्यावरच थाप मारली मी. आज यांनी अजून हातच नाय लावला."

तासभर घाम गाळलेल्या मारुतीचा चेहरा पाहण्यासारखा झाला. मग त्याच्या डोक्यात प्रकाश पडला आणि तो हळूच वळला.

"पंढरी, तू वाजवत नव्हतास?"

"नव्हतो," पंढरी म्हणाला. बढतीचा हुकूम वाचून दाखवावा अशा आवाजात तो बोलला. "पहिल्या गाण्यापासून नव्हतो." त्याने गर्दीत सुगंधाला शोधलं. "ऐकलंस ना? विचारलं. झिपरूबाबांनी तोंडानं विचारलं."

सुगंधा पदर खोचून पुढे आली. "ते बहिरे आहेत. त्यांचं धरायचं नाही."

"एका जरी माणसानं, असं ठरलं होतं. कान असलेल्या माणसानं, असं नव्हतं ठरलं."

"ऐकू येण्याचं ठरलं होतं. पायांनी कुणी ऐकतं का?"

"अगो बाय," काशीबाई मधे पडली, "तुमचं नवरा-बायकोचं मागनं मिटवा. पाणी उतराया लागलं तर होडी उद्यावर जाईल."

पाणी खरोखरच थबकलं होतं. दामू अगतिक होऊन पंढरीकडे आला. "दादा, काय पण कर, पण ते धुम् काढ."

पंढरीने चहूकडे पाहिलं. रिकामी, पोकळ अशी काही तरी वस्तू पाहिजे होती. पाण्याची पिंपं भरलेली होती. टोपल्या होत्या, पण टोपली काय वाजणार. मग त्याची नजर समोरच गेली. नवी कोरी होडी, आत जाळं नाही, बर्फ नाही, मासळी नाही. एवढं मोठं रिकामं खोकं त्याने जन्मात पाहिलं नव्हतं.

तो दांडा आणि दोरी घेऊन होडीत चढला. पुढचा भाग फळ्या मारून झाकलेला होता आणि नांगराचा दोर आत सोडायला फळीला भोक ठेवलेलं होतं. कुणीतरी आपल्यासाठीच ते पाडून ठेवलंय असं पंढरीला वाटलं. त्याने दोरीला काठीचा तुकडा बांधून ती भोकात अडकवली, दांडा फळीवर रोवला, दोरी ताणली आणि छेडली.

धुम्.

खाली उभ्या असलेल्या चाळीस माणसांच्या खांद्यांतून तो आवाज गेला. बायका बोलायच्या थांबल्या. नाळेवर तळवा ठेवून उभ्या असलेल्या झिपरूच्या तोंडावर हसू पसरलं.

"आलं," तो म्हणाला, आणि थाप मारली.

होडी हातभर सरकली. धुम्, थाप, रेटा. धुम्, थाप, रेटा. मारुतीने सूर धरले, खंडेराव भान विसरून गाऊ लागला, ओंडके कुरकुरले. सगळं पंढरीच्या दोरीवर चाललं होतं, आणि या खेपेला ते सगळ्यांना माहीत होतं. इतका आनंद त्याला स्वतःच्या लग्नातही झाला नव्हता. त्या आनंदात एक साधी गोष्ट त्याच्या ध्यानात आली नाही. ती आली तेव्हा होडी पाण्यात तरंगत होती आणि तो होडीत होता.

पंढरी आयुष्यात उतरला होता असं सगळ्यात मोठं पाणी म्हणजे कोरेगावची विहीर. "थांबवा," तो म्हणाला. "मला उतरायचं आहे."

होडीत चढलेल्या दहा-बारा जणांनी वल्ही मारायला घेतली होती. "नवी होडी पहिल्याच पाण्याला माघारी नाय फिरवत, दादा," दामू समजुतीने म्हणाला. "खडकाला वळसा घालू, नारळ वाहू नि येऊ. तुमी वाजवा."

पंढरी वाजवू लागला. हात थांबला की चहूकडचं पाणी दिसत होतं आणि हात चालू असला की दांडा धरायला मिळत होता. म्हणून तो दोन तास वाजवत राहिला. ते धुम् पाण्यावरून किनाऱ्यापर्यंत येत होतं. बाकीचे जेवायला गेले तरी सुगंधा गुडघाभर पाण्यात उभी होती. काशीबाई तिला न्यायला आली तर ती म्हणाली, "थांबा जरा. आवाज येतोय तोवर ते आहेत." ती घाबरली होती, आणि ते लपवण्याचं तिला भानही नव्हतं.

होडी परत आली. पंढरी ओलाचिंब होऊन, दोन माणसांच्या आधाराने उतरला. पैजेचं त्या दिवशी कुणी बोललं नाही. नंतरही नाही. घरात खोकंच नव्हतं, तर भांडायचं कशावर? तांदूळ गोणीतच राहिले. पुढचे पंधरा दिवस भाकऱ्या कधी लांबट, कधी कोपऱ्यात फाटलेल्या अशा येत होत्या. पंढरी त्या मुकाट्याने खात होता.

पंधराव्या दिवशी संध्याकाळी काशीबाई आली. तिच्या आधी वास आला. मुंबईहून रिकामी खोकी बोईसरला परत आली होती आणि त्यात निळ्या अक्षरांचंही होतं. चाळीतली तीन मांजरं त्याच्या मागोमाग पायऱ्या चढून आली. सुगंधाने खोक्यात डोकं घातलं आणि तितक्याच लगबगीने बाहेर काढलं.

"यात तांदूळ ठेवले तर आमटी करायला नको," ती म्हणाली आणि खोकं पायानेच नवऱ्याकडे सरकवलं. "घ्या. तुमचंच हे आता."

काशीबाई गेल्यावर पंढरीने खोकं पालथं घातलं, हंसाने कोंबलेली चिंधी काढली, दोरी ओवली. सुगंधा परातीशी बसली होती. दोरीला गाठ मारता मारता पंढरी एकदम थांबला.

"काय गं, ठरलं होतं मधल्या एका गाण्याचं. खोकं मुंबईला गेल्याचं मी तुला तेव्हा सांगितलंही नव्हतं. मग पहिल्या गाण्यापासून तू बोटं कशी दुमडत होतीस?"

सुगंधा पीठ मळत राहिली.

"तुला कळलं होतं?"

"न कळायला काय झालं," ती खाली मान घालून म्हणाली. "रोज तुमच्या त्या धुम्वर भाकरी थापते मी. पहिल्याच ओळीला चुकल्यासारखं झालं. टाळी धरलेले हात आपोआप थांबले माझे."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर खोकं तुमचं झालं असतं." तिने पिठाचा गोळा परातीत ठेवला आणि हात वर धरून त्याच्याकडे पाहिलं. "मला तांदूळ ठेवायचे होते. बघत काय बसलात? वाजवा आता, पंधरा दिवसांत एक भाकरी धड गोल झालेली नाही."